पॉइंट सतरा

तुर्लीबेकचा जीपीएस मी घेतला
अक्ताऊच्या बाजारात, त्याच्या मुलाकडून.
जुन्या सायलेन्सरांच्या ढिगामागे
बुटाच्या खोक्यात पडून होता.
सागिंदिक म्हणाला, डॉक्टर, हा कशाला?
मोठ्या पडद्याचा घ्या, बोटाने सरकतो.
मी म्हटलं, माझ्या बोटांवर हातमोजे असतात,
हातमोज्यांवर उंटांची लाळ, लाळेवर धूळ.
मला बटणं हवीत,
दाबली की दाबल्यासारखी वाटणारी.

मागच्या वर्षी हँडलला फोन लावला होता.
लाटालाटांच्या त्या वाटेवर दोन दिवसांत
त्याचा कॅमेरा आंधळा झाला,
तिसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःच म्हणाला,
फार तापलोय, जरा थांबा,
आणि मिटला.
अडलेली सांडणी साठ किलोमीटरवर,
आणि मी चाकाच्या सावलीत बसून
फोनला टोपीने वारा घालत होते.

हा मात्र उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतो.
पेन्सिल सेलवर चालतो,
ते शेत्पेला साबणाशेजारी मिळतात.
रबराच्या चार चकत्या घालून मी तो घट्ट बसवला,
वरून बुटाची नाडी बांधली,
कारण स्क्रूवर माझा विश्वास नाही.

बाण सरळ दाखवतो.
सरळ म्हणजे कधीकधी
खडूच्या कड्यावरून खाली, दोनशे मीटर.
आणि मिठाची दलदल त्याला
कोरडी असली तरी पांढरी,
पाऊस पडून गेला तरी पांढरी;
यातला फरक मागच्या चाकाला कळतो,
तोही आत गेल्यावर.

म्हाताऱ्याच्या सतरा खुणा आत तशाच होत्या.
मुलाने पुसल्या नव्हत्या, बहुतेक उघडल्याच नव्हत्या.
विहीर, गोड.
विहीर, उंटांपुरती.
कुत्रा वाईट, बाई चांगली.
बाइबोलात पेट्रोल देतो, पैसे घेत नाही, साखर न्यावी.
इथे पडलो.
इथे परत पडलो.
आणि सतराव्या खुणेला नावच नाही,
नुसता आकडा.

मी साखर नेली. बाइबोलातने पेट्रोल दिलं,
गाडीवरचा जीपीएस ओळखला,
काही म्हणाला नाही,
फक्त नाडीची गाठ सोडून नीट बांधून दिली.

ऑक्टोबरात एकदा लसी लवकर संपल्या.
सतरा अकरा किलोमीटरवर होता, आडबाजूला.
विहीर असेल म्हटलं,
किंवा कुणी पुरलेलं असेल,
किंवा तिसऱ्यांदा पडला असेल.
पहिल्या गिअरमध्ये, पाय टेकत टेकत
खडूची एक सोंड चढून गेले.
बाण गोल फिरला आणि थांबला,
म्हणजे, आलं.

काही नव्हतं.
बसायला एक चपटा दगड,
खाली सगळं पांढरं पसरलेलं,
आणि वारा असा, की हेल्मेट काढलं तर
डोकंही सोबत जाईल.
मग खिशातला फोन थरथरला.
एकदा, दोनदा, अकरा वेळा.
तीन दिवसांचे निरोप एकदम आले.

मी सागिंदिकला फोन लावला.
तुझ्या बापाच्या सतराव्या खुणेवर उभी आहे, म्हटलं,
इथे रेंज आहे.
तिकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.
दर गुरुवारी फोन करायचे, तो म्हणाला,
आम्हाला वाटायचं शेत्पेच्या चहावाल्याकडून बोलतायत.
आई विचारायची, मागे एवढा आवाज कसला?
ते म्हणायचे, पंखा.
जानेवारीतसुद्धा.

पुढे तो काही बोलला नाही.
मीही नाही.
फोन कानापासून लांब केला
आणि हात उंच करून
वाऱ्यात धरून ठेवला.